गुरुवार, १७ जानेवारी १९३५

दौंड सोडल्यापासून तुम्ही हात काखेत धरून बसला आहात. छोट्या रुळांची गाडी, डबे बुटके. खिडकीची फळी ओढून घेतली तरी फटीतून वारा आत येतोच. शिर्सुफळ गेलं, कटफळ गेलं. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली आहे, नुसतं नाक बाहेर. गाडी थांबते तसा तो म्हणतो, "उतरा पाव्हणं, बारामती आली. लई गार पडलंय, कान बांधा."

कान बांधा खरंच. आजच्याच दिवशी पुण्याच्या वेधशाळेत पारा ३५ फॅरनहाइटवर, म्हणजे १.७ सेल्सिअसवर उतरला आहे. पुण्यात याहून जास्त थंडी पुढे कधीही नोंदली गेली नाही. बारामती-इंदापूरच्या मुलखात बर्फ पडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण बर्फाच्या दिवशी घरात अडकलेली माणसं जे करतात, म्हणजे विस्तव पेटवायचा, काहीतरी गोडधोड करायचं आणि थोरामोठ्यांसकट खेळायचं, ते इथेही होतं. किंबहुना इथे ते घराबाहेर होतं. ते बघायलाच मी तुम्हाला या तारखेला आणलं आहे.

स्टेशनाबाहेर कडब्याची गंज आहे. तिच्या वरच्या थराला हात लावून पाहा. दव गोठलं आहे. रात्रभर आभाळ निरभ्र होतं, हवा कोरडी होती आणि पहाटे वाराही पडला. जमिनीने दिवसभरात घेतलेली ऊब सगळी वर निघून गेली आणि पात्यावरचं पाणी जागच्या जागी थिजलं. उन्हाची तिरीप येईपर्यंतच हे टिकणार. दोन पोरं नखाने ते खरवडून एकमेकांच्या मानेत घालताहेत आणि किंचाळताहेत. शेजारी उभा असलेला शेतकरी मात्र हसत नाही. त्याच्या मनात हरभरा आहे, फुलावर आलेला.

पेठेत चला. गुळाच्या गाड्या लागल्या आहेत. ढेपांवर पाचट टाकलेलं, बैलांच्या नाकपुड्यांतून वाफा निघताहेत. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि या कोरड्या मुलखात ऊस आला. १९२८ साली भाटघरचं नवं, उंच धरण झाल्यापासून पाण्याची खात्री वाढली आणि गावोगाव गुऱ्हाळं उभी राहिली. सध्या मात्र मंदी आहे, गुळाचा भाव पडलेला आहे, आणि ज्यांच्या गाडीतून तुम्ही पुढे जाणार आहात ते आबा अडत्याच्या ओट्यावर बसून बोटांवर हिशेब करताहेत. हिशेब मनासारखा लागत नाही, हे चेहऱ्यावर दिसतं. अडत्या त्यांना म्हणतो, "आबा, आत चला. नातवासाठी घरातून डबा द्यायचाय."

आत म्हणजे वाड्याच्या मागच्या पडवीत. इथे थोडं थांबा, कारण आजच्या दिवसातली सगळ्यात नाजूक गोष्ट इथे चालली आहे.

तीन बायका तीन शेगड्यांपाशी बसल्या आहेत. शेगडीत निखारा अगदी मंद, राखेने झाकलेला. त्यावर परात आणि परातीत भाजलेले तीळ. एकीच्या शेजारी वाटीत साखरेचा पाक आहे. ती अर्धा चमचा पाक तिळांवर सोडते आणि बोटांच्या टोकांनी तीळ गोल गोल फिरवू लागते. पाक तिळाला लागतो, सुकतो, पांढरा होतो. मग पुन्हा अर्धा चमचा. घाई केली की तिळांचा गोळा होतो, निखारा फुलला की पाक पिवळा पडतो. असं दिवसचे दिवस केलं की एकेका तिळावर पांढरेशुभ्र काटे उभे राहतात. हा संक्रांतीचा काटेरी हलवा. त्याला काटा येतो तो थंडीमुळेच. हवेत दमटपणा असला की हलवा गुळगुळीत होऊन बसतो, कितीही हात फिरवा. म्हणून या बायका पहाटे उठून, दार उघडं टाकून, गारठ्यात बसल्या आहेत. संक्रांत सोमवारीच झाली, पण रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आहे, बोरन्हाणं आहेत, नव्या सुनेचे हलव्याचे दागिने आहेत. अजून पुष्कळ हलवा लागणार आहे.

तुम्हीही बोटं घालून बघा. परात भाजते आणि वरून पाठीला गार वारा लागतो. "हळू," थोरल्या बाई म्हणतात. "दाबू नका. नुसतं फिरवत राहा." मुलं उंबऱ्यात रांगेने बसली आहेत, परातीतून उडालेला दाणा टिपायला. त्यांना आजोबांनी अट घातली आहे : मोरोपंतांची एक आर्या न अडखळता म्हटली तर एक चिमूट हलवा. मोरोपंत याच बारामतीचे, १७९४ साली इथेच वारले. त्यांची लांबलचक समासांची आर्या एक सहा वर्षांची पोर दात वाजवत म्हणते आहे, मधेच तोंडातून निघणारी वाफ बघायला थांबते आहे. आजोबा तिला दोन चिमटी देतात.

डबा बांधून होतो. आबा तो पटक्याच्या टोकात गुंडाळून मांडीवर घेतात. गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागते.

सणसरजवळच्या आबांच्या वस्तीपर्यंत निम्मा दिवस जातो, पण तो प्रवास मी तुम्हाला दाखवत बसत नाही. एकच पाहून घ्या. कालव्याच्या पाण्यावरून वाफ निघते आहे, कारण आज पाणी हवेपेक्षा ऊबदार आहे. काही शेतकऱ्यांनी रात्रीच पाटाचं पाणी पिकाला दिलं आणि बांधावर ओलं पाचट पेटवून धूर केला. थंडीपासून पीक वाचवायचे हे दोन जुने उपाय. धुराचा पट्टा अजून शेतावर पसरलेला आहे. कालव्याच्या खालच्या अंगाला, नीरेकडे, ऊस उभा आहे. वरच्या अंगाला जिरायत, तिथे शाळू. हाताच्या अंतरावर दोन वेगळे मुलूख, मधे फक्त एक पाट. आबांची दोन्हीकडे थोडी थोडी जमीन आहे आणि म्हणूनच त्यांच्या वस्तीवर आज गूळही आहे आणि हुरडाही.

वस्तीवर पोचायच्या आधी वास पोचतो. गुऱ्हाळाचा वास ज्याने एकदा घेतला त्याला तो आयुष्यभर पुरतो. "या पाव्हणं," कोणीतरी ओरडतं. "चुलाणापाशी या, शेकायला बसा. आधी रस घ्या." पितळी तांब्यात रस येतो, आलं ठेचून आणि लिंबू पिळून. ऊस पुंड्या आहे. जाड, मऊ, दातांनी सोलता येणारा. (पाडेगावला तीन वर्षांपूर्वी ऊस संशोधन केंद्र निघालं आहे. कोइमतूरच्या नव्या जाती आल्या की हा पुंड्या शेतातून जाणार आहे, पण आज तोच राजा आहे.)

चरक तीन लाटांचा, लोखंडी. बैलजोडी गोल फिरते आणि तिच्या मागच्या लाकडावर चार पोरं बसून फुकट चक्कर मारताहेत. लहानग्याला मधोमध धरलं आहे. एकजण कांडी चरकात सारतो, रस खाली मांदणात पडतो आणि चिपाड दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. ते वाळलं की तेच चुलाणात. जळण विकत आणायचं नाही, ऊसच उसाला शिजवतो.

काहिलीपाशी गुळव्या उभा आहे. हा घरचा माणूस नाही, हंगामापुरता बोलावलेला आहे. पण आज वस्तीवर त्याचाच शब्द चालतो, आबासुद्धा त्याला विचारल्याशिवाय काहिलीजवळ जात नाहीत. रस तापला की तो ठेचलेल्या भेंडीच्या खोडांचं चिकट पाणी त्यात सोडतो. रसातला गाळ त्या चिकटपणात अडकून वर येतो, काळपट फेसाची मळी होते. ती तो झाऱ्याने काढून टाकतो, पुन्हा पुन्हा, रस मधासारख्या रंगाचा होईपर्यंत. मग उकळी. मोठाले बुडबुडे येतात, त्यांचे लहान होतात, आवाज बदलतो. गुळव्या डोळ्यांपेक्षा कानांनी काम करतो.

मुलं या घटकेची सकाळपासून वाट पाहत आहेत. काकवीच्या टप्प्यावर पळी भरून बाहेर येते आणि शिळ्या बाजरीच्या भाकरीवर पडते. वर लोण्याचा गोळा. खा. गरम आहे, फुंकर घाला. पलीकडच्या टोकाला दोरीला बांधून रताळी काहिलीत सोडली आहेत, रसातच शिजताहेत. थोरल्या काकीने आधीच रसात कणीक भिजवून दशम्या लाटल्या आहेत. आणि आता गुळव्या पाकाचे थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकतो. पहिला विरघळतो. थोड्या वेळाने दुसरा टाकतो, तो मऊ राहतो. तिसरा गोळी होऊन तळाशी बसतो. ती गोळी तो वाटीच्या काठावर आपटतो, टण् आवाज येतो. "उतरा!" माणसं धावतात, काहील चुलाणावरून निघते. ती गोळी कोणाची, यावरून पोरांत जुंपते. आजी न्याय करते : सकाळी ज्याने बैलांना पाणी पाजलं त्याची.

काहिलीच्या कडेला राहिलेला गरम गूळ उसाच्या सालीवर गुंडाळून प्रत्येकाला मिळतो. तो ओढायचा. जितका ओढाल तितका तो पांढुरका, तारदार होतो. मोठी माणसंही ओढतात. आबा, जे सकाळी पेठेत बोटांवर हिशेब करत बसले होते, ते आता नातवाशी पैज लावताहेत, कोणाची तार लांब जाते. नातू जिंकतो. त्याला जिंकू दिलेलं नाही, खरंच जिंकला आहे.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. ही मजा आयती आलेली नाही. आजी, दोन्ही काकी आणि घरातल्या मुली कोंबडा आरवायच्या आधी उठून जात्यावर बसल्या होत्या. त्या गारठ्यात दगडाचा खुंटा हातात धरवत नाही. ऊस तोडणाऱ्यांच्या अंगावर एकेकच घोंगडी आहे आणि ते रात्रीही फडातच असतात. पण चुलाणाच्या विस्तवापाशी आज त्यांनाही जागा आहे, त्यांच्या पोरांच्या हातातही गुळाची तार आहे. गुऱ्हाळावर आलेल्याला रस आणि गूळ नाही म्हणायचं नाही, ही इथली रीत आहे, आणि मंदीतही ती कोणी मोडलेली नाही. मला या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते.

दुपार कलताना बोरन्हाण उरकतं. वर्षाचा धाकटा नातू पाटावर, अंगात काळं झबलं, गळ्यात अडत्याकडच्या हलव्याची माळ. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळगूळ. तो रडायला लागेपर्यंत पोरांनी सगळं लुटलेलं असतं. मग तो रडणं थांबवून गळ्यातली माळ चोखू लागतो.

आता कालवा ओलांडून वर चला, जिरायतात.

शाळू छातीपर्यंत आला आहे. सुगीला अजून अवकाश आहे, पण हस्ताच्या पावसावर पेरलेल्या या ज्वारीचा दाणा आत्ता दुधातून चिकात आला आहे. मऊ, हिरवा, गोड. मचाणावर उभी राहून एक मुलगी गोफण फिरवते आहे, पाखरं उठून पुन्हा बसतात. धाकटे काका बांधाच्या कडेला खड्डा करून आगटी पेटवतात. शेणाच्या गोवऱ्या, ज्वाळा नको, नुसता लालभडक आर. कणसं आरात खुपसायची, देठ बाहेर. ती कधी काढायची हे ठरवायला इथेही एक जाणता माणूस लागतो. दाणा भाजला पाहिजे पण फुटता कामा नये. कणीस बाहेर आलं की तळहातावर घेऊन घोंगडीवर चोळायचं. भाजतं, फार भाजतं. म्हणून दोघांनी आळीपाळीने चोळायचं. दाणे खाली पडतात, फोलपट फुंकून उडवायचं, आणि ते तोंडाला चिकटतंच.

"पाव्हणं, थांबू नका, गार झाला की हुरडा चामट होतो." बरोबर लसणाची चटणी, कारळाची चटणी, आजचाच गूळ आणि खोबऱ्याचा तुकडा. हरभऱ्याचे डहाळे त्याच आरात टाकून हावळा होतो, हात आणि ओठ काळे होतात. आबा कोणाच्या तरी गालाला काळा हात लावतात आणि मग सगळेच एकमेकांना काळं लावत सुटतात. सुना सासऱ्यासमोर एरवी डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्याही तोंड फिरवून हसतात. मुलांची आट्यापाट्यांची पाटी आखली जाते आणि तुम्हालाही ओढलं जातं. खेळा. पळून पळून घाम आला की घोंगडी फेकून द्याल.

आजी खेळत नाही, पण तिचं तोंड थांबत नाही. तिचं माहेर भीमाकाठी, पळसदेव. तिथली वांगी आगटीत भाजली की सालीसकट सुटतात, असं ती सांगते, आणि इथल्या वांग्याला नावं ठेवत भरीत करते. पळसनाथाच्या देवळापुढे तिच्या लहानपणी अशीच आगटी असायची. तुम्हाला पुढचं माहीत आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण होईल आणि ते देऊळ, ते गाव पाण्याखाली जाईल. धरणाचं पाणी फार उतरलेल्या उन्हाळ्यात तेवढं शिखर वर दिसेल. आजचंच बघा, कळंबला वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना नुकताच सुरू झाला आहे. धाकट्या काकांनी तो पाहिला आहे आणि बैलाशिवाय फिरणाऱ्या चरकाचं वर्णन ते हातवारे करून करताहेत. आबांना ते पटत नाही. तुम्हाला ठाऊक आहे की १९५०च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगरला शेतकऱ्यांचे स्वतःचे सहकारी कारखाने निघतील, या मुलखाचं भलं होईल आणि वस्तीवरची गुऱ्हाळं एकेक करून विझतील. दोन्ही खरं आहे. हे त्यांना सांगू नका. आज सांगून उपयोग नाही, आणि काकांची गोष्ट रंगात आली आहे.

चंद्र वर येतो, पौर्णिमा दोन दिवसांवर. शनिवारी खग्रास ग्रहण आहे. वेध कधी लागतात, गरोदर सुनेने काय करायचं नाही, यावर आजीचं आणि काकीचं बोलणं सुरू होतं. आगटीत उरलेल्या राखेत चार रताळी पुरून ठेवली जातात, उद्या सकाळी मुलांना न्याहारीला. रात्रीचं जेवण असं कोणी करतच नाही. ताकाचा तांब्या फिरतो, हुरड्यावर ताक हवंच, नाहीतर पोट धरून बसाल. मग वस्तीवर परतून चुलाणाच्या उबेला वाकळी पसरल्या जातात. कोडी घातली जातात. उत्तर न आलेल्याने उठून चिपाडं सारायची. तुमच्यावर पाळी येणारच.

इथून परत फिरा, कारण उरलेलं तुमच्या काळात करायचं आहे. गुऱ्हाळं आता मोजकी उरली आहेत, पण शाळू अजून इंदापूरच्या जिरायतात पेरला जातो, आणि हुरड्यासाठी गूळभेंडीसारखी जात मुद्दाम लावणारे शेतकरीही आहेत. ताटाच्या दराने मिळणारा हुरडा वाईट नसतो. मात्र तिथे कणीस दुसऱ्याने भाजलेलं असतं, दुसऱ्याने चोळलेलं असतं, आणि मुलं तोवर मोबाइल बघत खुर्चीत बसतात. त्या दिवसाची अर्धी मजा हात भाजण्यात होती.

हुरड्याचा दाणा एका शेतात आठ-दहा दिवसच तसा राहतो, नंतर तो ज्वारी होतो. पेरणी मागेपुढे झाली की तारीखही मागेपुढे होते, पण डिसेंबरअखेर ते जानेवारी हा त्याचा काळ. बारामती-इंदापूरकडे तुमचा मामा, आत्या, जुना वर्गमित्र, कोणीही शेतात असेल तर आत्ताच विचारून ठेवा. गोवऱ्या, लसणाची चटणी आणि ताक तुम्ही न्या. आणि कणसं चोळायला पोरांनाच बसवा.